चार तारांचा सेन्सर आणि सुकलालमामांचं नाव

स्पेअर पार्टच्या दुकानात दिवसभर सगळ्यात जास्त ऐकू येणारा शब्द म्हणजे ‘असाच’. माणूस येतो, पिशवीतून किंवा रुमालातून तुटलेला, झिजलेला, तेलकट पार्ट काढतो, काउंटरवर ठेवतो आणि म्हणतो, “असाच द्या.” गाडी कोणती, मॉडेल कोणतं, हे विचारलं तर पुष्कळांना राग येतो. पार्ट समोर ठेवला आहे ना, मग विचारायचं काय, असं त्यांचं म्हणणं. काही जण पार्टही आणत नाहीत, आवाज आणतात. एक काका दोन्ही गाल फुगवून टर्रर्र असा आवाज काढायचे आणि म्हणायचे, “एवढं बंद होईल असं काहीतरी दे.” एकदा धडगावकडचा एक म्हातारा जीपचा ब्रेकचा तुकडा पळसाच्या पानात गुंडाळून घेऊन आला. बराच वेळ बाजूला उभा होता. मी पावरी या तिकडच्या आदिवासी बोलीत विचारलं तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जो सुटकेचा भाव आला तो मला अजून दिसतो. ती माझीच बोली आहे. मराठी मला शाळेत मिळाली, आणि इंग्रजी त्याच्याही नंतर.

या दिवाळी अंकासाठी कामाच्या अनुभवावर लिहायला सांगितलं तेव्हा असे गमतीचेच प्रसंग लिहावेत असं ठरवलं होतं. पण चार पानं लिहून फाडली. कारण या नोकरीतली जी गोष्ट मला खरंच आठवते ती गमतीची नाही, आणि ती सोडून बाकीचं लिहिणं मला खोटं वाटायला लागलं.

मी शहाद्याला वसतिगृहात राहते. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. सकाळी कॉलेज आणि दुपारी बारा ते सहा दुकान, असं तीन वर्षं चाललं आहे. नोकरी लागली ती एका चिठ्ठीमुळे. झेरॉक्सच्या दुकानात चिकटवलं होतं: ‘स्पेअर पार्टच्या दुकानात इंग्रजी वाचता येणारा मुलगा पाहिजे.’ मी गेले. मालकांना सगळे दिलीपभाऊ म्हणतात. त्यांनी मला वरून खालपर्यंत पाहिलं.

“मुलगा लिहिलंय,” ते म्हणाले.

“इंग्रजी पण लिहिलंय,” मी म्हणाले. हे कसं सुचलं कोण जाणे, मी तशी बोलकी नाही.

ते हसले आणि एक खोका पुढे केला. मी त्यावरचा नंबर आणि दोन मोठे शब्द वाचले. खाली बारीक अक्षरात आणखी सात-आठ ओळी होत्या, त्या त्यांनी विचारल्या नाहीत. नोकरी लागली. तेव्हापासून दुकानात ‘ताईला विचारा, ताई इंग्रजी वाचते’ असं झालं. खरी गोष्ट अशी की मी इंग्रजी वाचते ती बोट ठेवून, एकेक शब्द, आणि अडले की मोबाइलमध्ये अर्थ बघून. एकटी असले तर वाचते. समोर चार माणसं उभी असली की अक्षरं नुसती दिसतात, आत जात नाहीत. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

पार्टच्या खोक्यात बहुतेक वेळा एक घडी केलेला कागद असतो, कसं बसवायचं ते सांगणारा. गिऱ्हाईक तो कधी नेत नाही. मेकॅनिकही नेत नाहीत. कागदाची मागची बाजू कोरी असते, म्हणून आमच्या दुकानात तो कागद सरळ करून काउंटरखाली ठेवायचा आणि मागच्या बाजूवर गिऱ्हाइकांच्या सामानाच्या याद्या लिहायच्या, अशी पद्धत आहे. अर्धं सामान मिळालं, अर्धं मागवायचं असलं, की ती यादी भिंतीवरच्या खिळ्याला टोचायची. खिळ्याला कायम पन्नास-साठ कागद असतात.

आता सुकलालमामांबद्दल. प्रकाशा गावाच्या रस्त्याला लिंबाच्या झाडाखाली पत्र्याचं शेड आहे, तेच त्यांचं गॅरेज. वय पन्नासच्या पुढे. वाचता येत नाही, सही करतात. पण इंजिनाच्या झाकणावर स्क्रू-ड्रायव्हर टेकवून त्याची मूठ कानाला लावली की आत काय बिघडलंय ते सांगतात, आणि ते बहुधा बरोबर निघतं. दुसऱ्या मेकॅनिकने काहीही सांगितलं तरी ते स्वतः उघडून बघितल्याशिवाय मानत नाहीत. मानतात ते फक्त लिहिलेलं. “लिखेल शे ना? मंग व्हई गये,” म्हणजे लिहिलंय ना, मग झालं, असं अहिराणीत म्हणून ते विषय संपवतात. छापलेल्या कागदात कुणी चूक करत नाही आणि वाचणारा माणूस त्यात चूक करत नाही, असा त्यांचा विश्वास होता.

तापीकाठच्या एका गावातले मगनभाई हे त्यांचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. गुजर शेतकरी, केळी आणि ऊस. घरचे दोन ट्रॅक्टर, केळीची पिकअप, एक पेट्रोल कार, शिवाय भाऊबंदांच्या गाड्या. गावातली जवळजवळ प्रत्येक गाडी मगनभाईंच्या शब्दावर सुकलालमामांकडे यायची. गॅरेज त्या एका गावावर चालत होतं म्हटलं तरी चालेल.

मगनभाईंचा मुलगा हितेश. त्याने इंटरनेटवरून त्या कारसाठी हेडर मागवलं. इंजिनातून जळलेला धूर जिथून बाहेर पडतो तिथे कंपनीचा एक जाड ओतीव तुकडा असतो. तो काढून त्याच्या जागी चार लांब, वळणदार नळ्या बसवतात. धूर मोकळा निघतो, गाडी थोडी जोर धरते आणि आवाज भारदस्त होतो. हितेशला मुख्यतः आवाज पाहिजे होता. सुकलालमामांना हे पटलं नव्हतं. हितेश आणि ते दोघं हेडर घेऊनच दुकानात आले, आणि आल्या आल्या मामा मला म्हणाले, “देख वं पोरी, चांगली गाडी शे, तिले याले ढोल बनाडनं शे.”

“मामा, तुम्हाला नाही कळणार,” हितेश म्हणाला.

“माले कळस. तुन्हा बापले कळाले नको.”

अडचण सेन्सरची होती. पेट्रोल गाडीच्या धुराच्या नळीत एक ऑक्सिजन सेन्सर असतो, अंगठ्याएवढा. धुरात ऑक्सिजन किती उरलाय ते तो पाहतो आणि गाडीच्या कॉम्प्युटरला कळवतो. त्यावरून कॉम्प्युटर पेट्रोल कमी-जास्त सोडतो. हेडर लावलं की सेन्सरची जागा बदलते. आधी तो इंजिनाला चिकटून असतो, आता चार नळ्या जिथे एक होतात तिथे, हातभर खाली जातो. हितेशच्या गाडीचा जुना सेन्सर काढताना गंजामुळे मोडला होता, आणि मोडला नसता तरी त्याची तार नव्या जागेपर्यंत पोचली नसती.

“ताई, याला कोणता लागेल ते तू सांग,” हितेश म्हणाला.

मी दोन दिवस मागून घेतले. हे सांगताना मला अजूनही थोडा अभिमान वाटतो, म्हणून सांगते. वसतिगृहात बसून मी मोबाइलवर वाचत होते, वहीत मराठीत उतरवत होते. सेन्सर गरम झाल्याशिवाय काम करत नाही. एका तारेचा स्वस्त सेन्सर फक्त धुराच्या उष्णतेवर तापतो. तो इंजिनाजवळ ठीक, पण हेडरमध्ये जागा खाली गेल्यावर धूर तिथे पोचेपर्यंत निवतो, मग तो सेन्सर अर्धा वेळ झोपलेलाच राहील. पाच तारांचा एक महागडा येतो, शर्यतीच्या गाड्यांना लावतात. हितेशला तो फार आवडला होता, पण या गाडीच्या कॉम्प्युटरला त्याची भाषाच कळत नाही. म्हणजे चार तारांचा, ज्यात स्वतःचा छोटा हीटर असतो, तो पाहिजे. आटे जुन्यासारखेच. बसवताना तो नळीच्या खालच्या अंगाला नको, वरच्या बाजूला तिरपा पाहिजे, नाहीतर पाणी साचून खराब होतो. हे सगळं मी बरोबर काढलं होतं. पुढे कुणीही यात चूक काढली नाही.

त्या गाडीचा कंपनीचा सेन्सर मिळत होता, पण त्याची तार आखूड. म्हणून मी दुसऱ्या बनावटीचा, सुट्या तारांचा सेन्सर मागवला. त्याला प्लग नसतो. जुन्या सेन्सरचा प्लग तारेसकट कापायचा आणि नव्याच्या तारांना जोडायचा.

माल आला त्या दिवशी शनिवार होता, बाजाराची गर्दी. काउंटरवर सहा-सात माणसं. सुकलालमामांनी जुना कापलेला प्लग आणि नवा सेन्सर शेजारी शेजारी ठेवले आणि पाहत राहिले. जुन्याला दोन पांढऱ्या तारा, एक काळी, एक राखाडी. नव्याला दोन काळ्या, एक निळी, एक पांढरी.

“आठे दोन पांढऱ्या शेतस, तठे दोन काळ्या,” ते म्हणाले. “कोनती कोनाले जोडू? कागदवर काय लिखेल शे ते वाची सांग.”

मी खोक्यातला कागद उघडला. त्यावर एक तक्ता होता. सहा भाषा, मुंगीएवढी अक्षरं. इंग्रजी कोणती आहे ते शोधण्यातच थोडा वेळ गेला. एक माणूस म्हणाला, “ताई, माझं फक्त फिल्टर आहे, ते देऊन टाक.” दुसरा म्हणाला, “वाचू दे रे तिला, कॉलेजला जाते ती.” कुणीतरी हसलं. हितेश मोबाइल बाजूला ठेवून माझ्याकडे बघत होता. मला बोट ठेवून वाचायचं होतं. बोट ठेवलं असतं तर सगळ्यांना कळलं असतं.

मी कागदाकडे पाहत, वाचल्यासारखं, म्हणाले, “काळीला काळी जोडा. पांढरीला पांढरी. उरलेल्या दोन उरलेल्या दोनला.”

“उरेल दोन कशा?”

“कशाही चालतात.”

“कागदवर लिखेल शे?”

“हो.”

“मंग व्हई गये,” म्हणत मामांनी सेन्सर खिशात टाकला.

असं काहीही त्या कागदावर लिहिलेलं नव्हतं. ते वाक्य मी बनवलं होतं, आणि ऐकायला इतकं सरळ होतं की मलाही पटलं. फिल्टरवाल्याला फिल्टर दिलं. कागद नेहमीसारखा काउंटरखाली गेला.

आठ-दहा दिवसांनी एका दुपारी मगनभाई स्वतः दुकानात आले. मागे हितेश, मान खाली. त्यांच्या मागे सुकलालमामा, त्यांना निरोप पाठवून बोलावून घेतलं होतं. इंजिनात बिघाड दाखवणारा गाडीतला पिवळा दिवा पहिल्याच दिवशी लागला होता, पण हेडर नवीन आहे, बसेल हळूहळू, असं हितेशला वाटलं. मामांनी एकदा इंजिनाचे स्पार्क प्लग काढून पाहिले, काजळीने काळे पडले होते. ते साफ करून दिले. त्यांना शंका आली होती, पण तारा कागदाप्रमाणे जोडल्या होत्या, त्यामुळे तिकडे त्यांनी पाहिलंच नाही. ते इंजिनातच दोष शोधत राहिले. गाडी पेट्रोल पीत होती, धुराला उग्र वास होता. मग हितेश आई आणि मावशीला घेऊन सुरतेला लग्नाला गेला. परत येताना नवापूरच्या अलीकडे गाडी बंद पडली. धुराच्या नळीत पुढे असलेली धूर गाळणारी जाळी जास्तीच्या पेट्रोलने तापून वितळली होती. दोघी बायका लग्नाच्या साड्यांत, भर उन्हात, केळीची पिकअप येईपर्यंत तीन तास रस्त्याच्या कडेला बसल्या. नंतर ज्या मोठ्या वर्कशॉपमध्ये गाडी नेली तिथल्या माणसाने सांगितलं की सेन्सरच्या तारा उलट्यासुलट्या जोडल्यात, हे कुणा अडाण्याचं काम आहे.

मगनभाई आवाज चढवत नाहीत. ते शांतपणे म्हणाले, “सुकलाल, वीस वर्षं झाली. मी कधी तुला विचारलं का, काय केलं म्हणून?”

“नही, भाऊ.”

“मग आज विचारतो. काय केलं?”

“कागदवर लिखेल व्हतं तशाच तार जोड्यात,” मामा म्हणाले, आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आरोप म्हणून नाही. आता ही सांगेल, अशा खात्रीने पाहिलं.

दिलीपभाऊंनी मला विचारलं, “कागदावर काय होतं गं?”

कागदावर काय होतं ते मला तेव्हाही माहीत नव्हतं. पण मी वाचलं नाही हे मला माहीत होतं. माझ्या मनात आलं, नोकरी जाईल. वसतिगृहात कळेल, कॉलेजात कळेल. गावी बाबा लोकांना सांगतात की माझी मुलगी शहाद्याला इंग्रजी वाचण्याचं काम करते, त्यांना कळेल. हे सगळं एका क्षणात आलं, आणि मी म्हणाले, “कागद मी मिस्तरींना दिला होता.”

मग मगनभाई थोडं हसले. “कागद देऊन काय उपयोग, बेटा? त्याला वाचता कुठे येतं?”

दिलीपभाऊही हसले, गिऱ्हाइकाबरोबर हसावं लागतं तसं. सुकलालमामा माझ्याकडे पाहत होते. मला वाटलं आता ते बोलतील. त्यांनी टोपी काढली, परत घातली आणि दुकानाच्या पायऱ्या उतरून गेले. मी त्यांना ‘मामा’ म्हणते, आणि त्या दिवशी ‘मिस्तरी’ म्हणाले, हे मला ते गेल्यावर लक्षात आलं.

त्यानंतर त्या गावच्या गाड्या नंदुरबारला जाऊ लागल्या. आधी मगनभाईंच्या, मग भाऊबंदांच्या, मग बाकीच्यांच्या. सुकलालमामा आमच्या दुकानात यायचे बंद झाले. बाजारात त्यांच्यावर एक विनोद सुरू झाला होता: सुकलालकडे गाडी देऊ नका, तो टीव्हीची तार सायलेन्सरला जोडतो. तो विनोद आमच्याच काउंटरवर मी तीन वेळा ऐकला. तिसऱ्या वेळी सांगणाऱ्याने माझ्याकडे पाहून सांगितला, आणि मी ओठ हलवले. हसले असंच म्हणावं लागेल.

कागद सापडला तो अगदी सहज सापडला. एक ट्रॅक्टरवाला उरलेलं सामान न्यायला आला, मी खिळ्यावरून त्याची यादी काढली, आणि तिच्या मागे तो तक्ता होता. यादी माझ्याच अक्षरात होती, त्याच शनिवारची. ट्रॅक्टरवाला गेल्यावर दुकान रिकामं झालं. दिलीपभाऊ जेवायला गेले होते. मी बोट ठेवून वाचायला बसले. वीस मिनिटं लागली. तक्त्यात डावीकडे वेगवेगळ्या बनावटींच्या जुन्या सेन्सरचे रंग होते आणि उजवीकडे या सेन्सरचे. दोन पांढऱ्यांना दोन काळ्या, हा हीटर. काळीला निळी, ही बातमी नेणारी तार. राखाडीला पांढरी. खाली जाड अक्षरात लिहिलं होतं की रंगाला रंग जोडू नका. माझ्या सांगण्याप्रमाणे हीटरची वीज सेन्सरच्या नाजूक भागात गेली आणि तो पहिल्याच दिवशी जळाला. कॉम्प्युटरला काहीच बातमी मिळेना, त्याला वाटलं पेट्रोल कमी पडतंय, म्हणून तो ओतत राहिला.

वीस मिनिटं. त्या शनिवारी मी ‘उद्या सांगते’ म्हटलं असतं तरी मामा थांबले असते.

तरी मी आणखी नऊ दिवस गप्प राहिले. हे लिहिताना जास्त लाज वाटते ती याची. चूक घाईत झाली, पहिलं खोटं भीतीने, पण हे नऊ दिवस मी रोज जेवत होते, तास करत होते, आणि तो कागद वहीत घालून फिरत होते. दहाव्या दिवशी दिलीपभाऊंना सांगितलं. ते पार्ट नंबरांचं रजिस्टर चाळत राहिले आणि म्हणाले, “जुनं झालं आता. कुठे जाऊन सांगायचं असेल तर सांग, पण दुकानाचं नाव मध्ये आणू नको.”

गॅरेजमध्ये गेले तेव्हा सुकलालमामा एका मोटरसायकलची चेन घालत होते. शेडमध्ये दुसरी गाडी नव्हती. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. मध्ये रडू आलं, पण थांबले नाही, कारण थांबले असते तर रडण्यावरच सगळं संपलं असतं. त्यांनी चेनची कडी दाबून बसवली आणि मग मान वर केली.

“माले म्हाईत शे,” ते म्हणाले. “माले तू कागद दिधा नही, ते माले म्हाईत नही का?”

“मग तुम्ही तेव्हा बोलला का नाहीत?”

“काय बोलू? तू कॉलेजनी पोर. मी आंगठाछाप. तुले खोटं पाडसू त माले कोन खरं मानी?”



“आनि माले कसाले सांगी ऱ्हायनी?” ते पुढे म्हणाले. “मन्हं नाव आठे नही बिघडनं. तठे बिघडनं. तठे जाय.”

रविवारी मी रिक्षाने मगनभाईंच्या गावी गेले. खळ्यात पिकअपमध्ये केळीचे घड भरणं चाललं होतं. काय बोलायचं ते मी वहीत लिहून पाठ केलं होतं. मगनभाई खाटेवर बसले होते, हितेश पिकअपजवळ. मी उभी राहून बोलले: कागद मी वाचला नव्हता, तारांचं मी मनाने सांगितलं, कागद मामांना दिला होता हे खोटं होतं, मामांनी मी सांगितलं तेच केलं. दाखवायला कागदही पुढे केला. मगनभाईंनी तो घेतला नाही. माझ्याकडे बघत राहिले.

“तू कुठली गं?”

“धडगावकडची.”

“पावरा?”

“हो.”

“काय शिकते?”

“बी.एस्सी.”

त्यांनी घरात हाक मारली. “अगं, बाहेर ये. ही बघ. डोंगरातली पोर, बी.एस्सी. करते. आपली चूक सांगायला एकटी रिक्षाने आली. आजकाल कोण येतं?” काकू बाहेर आल्या. याच काकू नवापूरजवळ उन्हात बसल्या होत्या. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि चहा ठेवायला गेल्या. मला ओरडा पाहिजे होता. मी ओरड्याची तयारी करून गेले होते.

“काका,” मी म्हणाले, “मामांची चूक नव्हती. तुमच्या गाड्या...”

“नव्हती कशी?” ते म्हणाले. “तू लेकरू आहेस. तुझं शिकायचं वय. चुकशील, शिकशील. त्याने वीस वर्षं हेच केलं. दिवा लागला, प्लग काळे झाले, तरी त्याने तारा उघडून बघितल्या नाहीत. हात त्याचा होता ना, बेटा?”

“पण कागदावर लिहिलंय असं मी सांगितलं म्हणून...”

“बरं, बरं. तू चहा घे.”

हितेश एकदा म्हणाला, “पप्पा, मामांकडे एक ट्रॅक्टर तरी...” आणि मगनभाईंनी नुसतं त्याच्याकडे पाहिलं. निघताना त्यांनी गड्याला सांगून मला केळ्यांच्या दोन मोठ्या फण्या दिल्या. मी नको म्हणाले. काकूंनी पिशवीत घालून माझ्या हातात अडकवल्या.

परत येताना गॅरेजजवळ उतरले. सुकलालमामा शेड झाडत होते. त्यांनी पिशवीकडे पाहिलं आणि विचारलं, “काय म्हने मगनभाई?”

मी सगळं जसंच्या तसं सांगितलं. मला चांगलं म्हणाले ते सांगितलं. ‘हात त्याचा होता’ हेही सांगितलं. ते गाळावं असं रिक्षात बसल्यापासून वाटत होतं.

मामांनी केरसुणी भिंतीला टेकवली. “बरोबर म्हनस तो,” ते म्हणाले. “हात त मन्हाच व्हता. देखाले पाहिजे व्हतं माले.” मग म्हणाले, “केळा कसाले आनात?”

“त्यांनी मला दिली.”

“मंग तू खाय,” ते म्हणाले. ते रागाने बोलले नाहीत. मी त्या फण्या वसतिगृहात नेल्या. मुलींनी संपवल्या.

या गोष्टीला वर्ष होत आलं. सुकलालमामा दोन महिन्यांनी परत दुकानात यायला लागले, कारण क्लचची तार आमच्याकडे बरी मिळते. आता ते तारांचं काम असलं की मला कागद वाचायला सांगतात आणि मी काउंटरवर कागद पसरून, बोट ठेवून, मोठ्याने, जितका वेळ लागेल तितका लावून वाचते. गर्दी असली तरी. ते प्रत्येक रंग माझ्यामागे म्हणतात आणि तरीही गॅरेजमध्ये जाऊन प्रत्येक तारेला तपासणीचा दिवा लावून बघतात. त्यांच्याकडे आता बहुतेक मोटरसायकली येतात. तो विनोद मागे पडला, पण गाड्या परत आल्या नाहीत.

मगनभाईंची पिकअप मात्र आमच्या दुकानासमोर थांबायला लागली. त्यांच्या गावातले बाकीचेही येतात. नंदुरबारच्या वर्कशॉपला लागणारं सामानसुद्धा ते आमच्याकडून नेतात, कारण मगनभाईंनी गावात सांगितलंय की त्या पोरीला विचारा, ती खोटं सांगणार नाही. दिलीपभाऊंनी बक्षीस म्हणून मला घड्याळ दिलं. गेल्या शनिवारी हितेश फॅनबेल्ट न्यायला आला तेव्हा सुकलालमामा काउंटरवर उभे होते, माझ्या वाचण्याची वाट पाहत. हितेश म्हणाला, “ताई, मला जरा लवकर दे.” मी काही म्हणायच्या आत मामांनी आपला पार्ट उचलला आणि एक पाऊल बाजूला सरकून त्याला जागा करून दिली.